मैदानाची वही

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून तुझी निवड झाल्याचे तुझ्या वडिलांनी परवा फोनवर सांगितले, तेव्हा मी अंगणात जुन्या वह्या उन्हाला घालत होतो. मागच्या पावसाळ्यात त्यांना ओल लागली होती आणि यंदा तसे होऊ द्यायचे नव्हते. जून १९८९ मध्ये मी आपल्या शाळेत रुजू झालो आणि मे २०२२ मध्ये निवृत्त झालो. या ३३ वर्षांत दर वर्षाची एक, अशा ३३ शंभरपानी वह्या माझ्याकडे आहेत. मैदानावर कोण आले, कोण आले नाही, कोणाची उंची आणि वजन किती भरले, कोण किती वेळ पळाले, कोणाला कुठे लागले, एवढेच त्यांत लिहिलेले आहे. दुसऱ्या दिवशी तुझे पत्र आले आणि त्यात तू विचारलेस की, सुरुवात कुठून करू. माझे उत्तर असे आहे की, हजेरीपटावर पहिली सही केल्यावर बाजारातून एक वही आण आणि त्याच संध्याकाळी तिच्यात पहिली नावे लिही.

हे सांगण्याचे कारण आहे. मैदानावर वर्षे घालवलेल्या माणसाची आठवण त्याच्या सोयीने वागू लागते. जिंकलेले सामने आठवणीत मोठे होत जातात, विभागीय स्पर्धेला गेलेल्या खो-खो संघातली नऊच्या नऊ नावे तोंडपाठ राहतात आणि ऑगस्टमध्ये येणारी व नोव्हेंबरनंतर न दिसलेली मुले मात्र हळूहळू पुसली जातात. वहीत ती पुसली जात नाहीत. माझ्या सगळ्या वह्या मिळून जेवढी नावे आहेत, त्यांतली राज्य पातळीवर पोचलेली नावे एका पानावर मावतील. उरलेल्या पानांचे काय, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. तू तो पहिल्या वर्षीच विचारावास, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तुझ्या हाती काय येणार आहे, ते आधी सरळ सांगतो. पहिली ३ वर्षे तू शिक्षण सेविका, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी मानधनावरची शिक्षिका असशील. माध्यमिक शाळेत त्यासाठी दरमहा १८,००० रुपये मानधन मिळते आणि खोलीचे भाडे, येणे-जाणे व घरी पाठवायचे पैसे त्यातच बसवावे लागतील. वेळापत्रकात तुझ्या नावापुढे शारीरिक शिक्षणाच्या तासिका असतील, पण कोणी शिक्षक रजेवर गेले की ऑफ तास तुझ्याकडे येईल. परिपाठाच्या रांगा, प्रभातफेरी, १५ ऑगस्टचे संचलन, स्नेहसंमेलनातले लेझीम, मतदारयादीचे काम आणि उशिरा येणाऱ्या मुलांना दारात अडवणे, ही सगळी पी.टी.च्या मॅडमचीच कामे समजली जातात. पहिल्या वर्षी मला याचा फार राग येत असे, कारण मी खो-खो शिकवायला आलो होतो आणि मला शाळेच्या दारात उभे केले होते. पुढे माझ्या लक्षात आले की, विषयशिक्षकाला त्याच्या वर्गातली पन्नास-साठ मुले दिसतात, पण दारात उभ्या असलेल्या शिक्षकाच्या डोळ्यांखालून शाळेतले प्रत्येक मूल रोज एकदा तरी जाते. कोण अनवाणी आले, कोण पाय ओढत चालते, कोण धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन तीन किलोमीटर आले, हे दारातच कळते. घंटा झाल्यावर कुंपणावरून अलगद उडी टाकून, वाकून, दोन खांबांमधून निसटून वर्गात शिरणाऱ्या मुलांनाच मी पुढे संध्याकाळी मैदानावर बोलावू लागलो आणि माझे चांगले पळणारे गडी त्यांतूनच तयार झाले. तेव्हा दारातली ड्युटी टाळू नकोस.

मैदान मात्र स्वतः आख आणि आखताना मुलांना बरोबर घे. मोठ्या गटाचे खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते, हे तुला माहीत आहे, पण बी.पी.एड.ला आखलेल्या मैदानावर शिकणे वेगळे आणि दगडगोट्यांच्या माळावर पहिली रेघ ओढणे वेगळे. लांब बाजूची सुतळी दोन खुंट्यांना ताणून बांधली की कोपऱ्यात काटकोन साधायचा असतो. एका सुतळीवर कोपऱ्यापासून ३ मीटरवर खूण करायची, दुसरीवर ४ मीटरवर करायची आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ मीटर भरेपर्यंत दुसरी सुतळी डावी-उजवीकडे सरकवायची. चारही खुंट्या ठोकून झाल्या की दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही ३१ मीटर ३८ सेंटिमीटर भरले, तर मैदान गुण्यात, म्हणजे चारही कोपरे काटकोनात आले असे समजायचे. मोजपट्टीचे टोक मी नेहमी गणितात मागे राहिलेल्या मुलाच्या हाती देत असे. एकदा आठवीतली एक मुलगी ते टोक खुंटीला लावून बराच वेळ तशीच बसून राहिली आणि मग म्हणाली, "सर, म्हणजे पुस्तकातला कर्ण हाच का?" मी हो म्हटल्यावर तिने दुसऱ्या कोपऱ्याकडे पाहिले, पुन्हा हातातल्या पट्टीकडे पाहिले आणि दुसरा कर्ण मोजायला स्वतःहून धावत गेली. त्या वर्षी मैदान आखण्याचे काम तिच्याकडेच राहिले. रेघांवर चुन्याची फक्की टाकताना वाऱ्याकडे पाठ करून टाकायची, नाही तर ती डोळ्यांत जाते, हेही मुलांना तिनेच शिकवले.

आता खेळाविषयी. नवे शिक्षक मुलांना आधी पळायला आणि सूर मारायला शिकवतात, कारण पाहणाऱ्याला तेच दिसते. मी तुला सांगेन की आधी बसायला शिकव. पाठलाग करणाऱ्या संघाच्या नऊपैकी आठ गडी चौकोनांत बसलेले असतात, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून, आणि एकच गडी पाठलागावर असतो. म्हणजे ९ मिनिटांच्या आक्रमणात प्रत्येक जण बहुतेक वेळ बसूनच असतो आणि तरीही त्याला प्रत्येक क्षणी सज्ज राहावे लागते. दोन्ही पंजे जमिनीला टेकलेले, वजन पुढे आणि नजर पळणाऱ्याच्या कमरेवर असली पाहिजे, कारण डोळे आणि हात हुलकावणी देतात, पण कंबर सहसा देत नाही. खो मिळण्याआधी उठला तर फाऊल होतो आणि मिळाल्यावर अर्धा क्षण उशीर झाला तर गडी निसटतो. आपल्या भाषेत 'खो घालणे' म्हणजे कोणाच्या कामात आडवे येणे, आणि याच खेळात मात्र खो देणे म्हणजे स्वतः खाली बसून आपल्या सोबत्याला पुढे सोडणे, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. ज्या मुलाला सतत आपणच पळावे असे वाटते, त्याला हा खेळ हळूहळू बसायला शिकवतो. जे मूल वर्गात शेवटच्या बाकावर कोणाच्या खिजगणतीत नसते, त्याच्या पाठीला हात लावून कोणीतरी मोठ्याने 'खो' म्हणते आणि पुढचे काही क्षण सगळे मैदान त्याच्याकडे पाहते. तू स्वतः सहावीत असताना पहिल्यांदा खो मिळाल्यावर भांबावून चुकीच्या दिशेला वळली होतीस, हे तुला आठवत नसेल. माझ्या वहीत आहे.

माझ्या हातून झालेल्या दोन चुका तुला सांगणे मला आवश्यक वाटते.

पहिली चूक एका मुलाबाबत झाली. आठवीत तो ६०० मीटर पळण्यात सगळ्यांच्या पुढे असे. नववीत गेल्यावर जुलैपासून त्याची वेळ वाढत गेली. वहीत आठवड्यामागून आठवडे आकडा चढत होता, तो मी स्वतःच्या हाताने लिहीत होतो आणि त्याचा अर्थ मी असा लावला की, पोराच्या डोक्यात हवा गेली. एके दिवशी तो उशिरा आला, म्हणून मी त्याला मैदानाला पाच फेऱ्या मारायला सांगितल्या. तिसऱ्या फेरीत तो खाली बसला आणि मग आडवा झाला. तोंडावर पाणी मारून त्याला सावलीत नेले, तेव्हा त्याच्या वर्गमित्राने मला सांगितले की, त्याने सकाळपासून काही खाल्लेले नाही. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. आठवीत असताना दुपारी त्याच्या पोटात शाळेतली खिचडी पडत होती आणि नववीत ती बंद झाली. घरी आई-वडील पहाटे मजुरीला जात, भाकरी संध्याकाळीच होत असे. माझ्याच शाळेतली ही गोष्ट, माझ्याच वहीत तिचा पुरावा आणि मला ती दिसली नाही.

त्या दिवसापासून मी दोन नियम केले. पळणे ही शिक्षा म्हणून कधीही द्यायची नाही, कारण ज्या गोष्टीची गोडी लावणे हे आपले काम आहे, तिचीच आपण धास्ती घालतो. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे, याचा तुझ्या आजूबाजूच्या काही ज्येष्ठांना विसर पडलेला दिसेल. तुला पडू देऊ नकोस. दुसरा नियम असा की, सरावाआधी प्रत्येकाला 'आज काय जेवलास?' असे विचारायचे आणि ते वहीत लिहायचे. रात्री भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे-गूळ यांचा डबा पुढे मैदानाचाच भाग झाला. त्यासाठी गावातल्या किराणा दुकानदाराने आणि दोन माजी विद्यार्थ्यांनी मदत केली. धाराशिवच्या सारिका काळे हिला खो-खोसाठी २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि घरी दिवसातून एकदाच जेवण मिळे असे दिवस आपण काढल्याचे तिने उघडपणे सांगितले आहे. तिची जिद्द मोठीच आहे, पण ती बातमी वाचताना माझ्या मनात त्या आडव्या झालेल्या पोराचाच चेहरा आला. जिद्दीच्या जोरावर उपाशी पोटी पळणारे एखादेच मूल आपल्याला दिसते. पळता पळता थांबलेली कितीतरी मुले दिसतच नाहीत.

दुसरी चूक तुझ्या डोळ्यांसमोर घडली आहे. विभागीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्याला तू पाण्याच्या बाटल्या घेऊन रेघेबाहेर उभी होतीस. अंग गरम करताना आपल्या सर्वांत चांगल्या पळणाऱ्या मुलीचा पाय मुरगळला होता. घोट्याला सूज दिसत होती. मी क्रेप बँडेज घट्ट गुंडाळले, "जमेल ना?" असे विचारले आणि तिने मान हलवली. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आपल्या सरांना अशा वेळी नाही म्हणू शकत नाही, हे मला तेव्हा कळायला हवे होते. मी तिला पळणाऱ्यांच्या शेवटच्या तुकडीत उतरवले. ती २ मिनिटे १० सेकंद नाबाद राहिली, आपण जिंकलो, सगळ्यांनी तिला उचलून घेतले. दुसऱ्या दिवशी तिला पाय टेकवेना. पुढचे वर्षभर तिला खेळता आले नाही, मग दहावीचे वर्ष आले आणि ती मैदानावर परत आली नाही. त्या दिवसाचे पान मी परवा उन्हात पुन्हा काढून पाहिले. त्यात '२ मि. १० से., नाबाद' असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. मुरगळलेल्या पायाविषयी एक अक्षरही नाही. रोज कोणाचे गुडघे खरचटले तेही लिहिणाऱ्या माझ्या हाताने त्या दिवशी ते लिहिले नाही, कारण मी काय करतो आहे हे मला ठाऊक होते.

म्हणून सांगतो की, पाय मुरगळला तर खेळ तिथेच थांबला असे समज. चोळू देऊ नकोस, तेलही लावू देऊ नकोस. बर्फ कापडात गुंडाळून लाव, हलक्या दाबाने पट्टी बांध, पाय उंचावर ठेव आणि वजन टाकता येत नसेल तर डॉक्टरांकडे ने. खेळायचे की नाही हे मुलाला विचारूच नकोस. तो निर्णय तुझा आहे, त्याचा भार मुलाच्या मानेवर टाकू नये.

तुझी शाळा ज्या भागात आहे, तिथे आणखी एक गोष्ट तुला दरवर्षी पाहावी लागेल. तालुक्याच्या स्पर्धा पावसाळ्यात होतात, जिल्ह्याच्या त्यानंतर, आणि विभाग व राज्य येईपर्यंत दिवाळी आलेली असते. नेमके त्याच सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते, मुकादमाकडून उचल, म्हणजे ऊसतोडीचे आगाऊ पैसे घेतलेली कुटुंबे ट्रकमध्ये संसार भरतात आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावे अर्धी रिकामी होतात. कोयत्यावर गेलेली मुले मार्च-एप्रिलमध्ये परततात. माझ्या वह्यांमध्ये नोव्हेंबरच्या पानांवर दरवर्षी नावांपुढे 'ऊसतोडीस गेला', 'ऊसतोडीस गेली' असे लिहिलेले आहे आणि काही नावांपुढे पुढच्या जूनमध्येही काहीच लिहिलेले नाही. यावर माझ्याकडे रामबाण उपाय नाही. जे जमले ते सांगतो. मुलांना गावातच ठेवून घेणाऱ्या हंगामी वसतिगृहाची मागणी शाळेकडून वेळेत गेली पाहिजे, त्यासाठी ऑगस्टपासूनच मुख्याध्यापकांच्या मागे लाग. आजी-आजोबा गावातच राहत असतील, तर त्यांच्याकडे स्वतः जाऊन बस. "पोर संघात आहे" या एका वाक्यावर काही आजींनी नातवंडे ठेवून घेतलेली मी पाहिली आहेत. ज्यांना जावेच लागते त्यांच्यासाठी संघातली जागा भरली तरी वहीतले नाव खोडू नकोस. मार्चमध्ये परतलेले मूल मैदानाच्या कडेला येऊन उभे राहते आणि आपण अजून इथले आहोत का, याचा अंदाज घेते. तेव्हा तू हजेरी घेताना त्याचे नाव आपोआप पुकारलेस की, त्याला वेगळे काही सांगावे लागत नाही.

मुलींविषयी तुला माझ्यापेक्षा अधिक कळते, म्हणून थोडेच लिहितो. नववी-दहावीत मुली मैदान सोडतात, त्याला पळण्याचा कंटाळा क्वचितच कारण असतो. कपड्यांचा संकोच, पाळीच्या दिवसांची अडचण, शाळेत पाण्याची सोय नसणे, परतायला होणारा अंधार आणि घरात सुरू झालेली लग्नाची बोलणी ही खरी कारणे असतात. मी पुरुष असल्यामुळे त्यांतल्या निम्म्या गोष्टी मला कोणी सांगितल्याच नाहीत, त्या गैरहजेरीच्या खुणांवरून ताडाव्या लागल्या. तुझ्याशी मुली बोलतील. बाहेरगावी संघ नेताना पालकांचे संमतीपत्र, परतीची वेळ आणि प्रत्येक मुलीला घरापर्यंत पोचवण्याची व्यवस्था, यांत कसूर नको. मुलग्यांना खांबावरचा सूर शिकवताना हात लावून शरीर वळवण्याऐवजी मोठ्या गड्याकडून करून दाखव. चारचौघांत, उघड्या मैदानावर शिकव. हा काळजीचा भाग आहे, संशयाचा नाही. आणि शाळा तुला 'मुलींच्या मॅडम' म्हणून एका कोपऱ्यात बसवू पाहील, तर मुलग्यांचा संघही मागून घे. उत्तम मुलगे उत्तम शिक्षिकेकडून शिकतात, हे गावाने पाहिले की मुलींना पाठवायला गाव कमी कचरते.

पैशांविषयी आणि कागदांविषयी मात्र मला थोडे कठोर बोलावे लागेल. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर ७,००० रुपयांना गहाण ठेवले होते. ही गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगत आलो आणि १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस आता राज्याचा क्रीडादिन आहे, तेव्हा तूही सांगशील. खर्डेकरांपुढे मी हात जोडतो. परंतु ही गोष्ट सांगून शिक्षकाकडून घर गहाण ठेवण्याची अपेक्षा करणारी माणसेही मी पाहिली आहेत. प्रवासखर्च, भोजनभत्ता, साहित्य यांची मागणी दरवर्षी लेखी कर, तिची पोच घे आणि उत्तर आले नाही तर पुन्हा लिही. मी अनेकदा उसनवारी करून संघ नेले, बायकोच्या बांगड्याही एकदा गेल्या, आणि त्यामुळे शाळेला वाटत राहिले की, सर करतात काहीतरी. त्याचा भुर्दंड माझ्या घराने सोसला आणि माझ्या नंतर आलेल्या शिक्षकालाही एका पैशाची तरतूद मिळाली नाही.

कागदांबाबत एकच सांगतो. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. ही चांगली सोय आहे. एखादे पालक केवळ गुणांसाठी मूल मैदानावर पाठवत असतील, तर त्यांना हिणवू नकोस, मूल आले हे महत्त्वाचे. पण याच सोयीपायी तुझ्यासमोर असा कागद येईल, ज्यावर न खेळलेल्या मुलाचे नाव असेल किंवा सतरा वर्षांखालच्या गटासाठी जन्मतारीख सरकवलेली असेल. कागद आणणारी व्यक्ती तुझ्याहून मोठ्या खुर्चीवर बसलेली असेल आणि आवाज अगदी गोड असेल. सही करू नकोस. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेच्या प्रवेशांची नोंदवही काढून मूळ तारीख दाखव आणि वहीतली हजेरी दाखव. असा एक कागद मी परत केला, तेव्हा मला दोन वर्षे मैदानाऐवजी ग्रंथालयाचे काम दिले गेले. ती दोन वर्षे मी संध्याकाळी शाळा सुटल्यावर गावच्या माळावर सराव घेतला. त्या दोन वर्षांच्या वह्याही आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत भारताने अंतिम सामन्यात नेपाळला हरवले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वायकर आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे, आणि प्रियांका तर मूळची आपल्या बीड जिल्ह्यातली. माझ्या गल्लीतली पोरे ते सामने मोबाईलवर पाहत होती आणि मला विचारत होती की, मॅटवर खेळताना घसरत नाही का. तुझी मुलेही विचारतील. माती आणि मॅट यांत पायाची पकड, वळण आणि सूर सगळेच बदलते. मातीवर अनवाणी पळणारे मूल पहिल्यांदाच मॅटवर बूट घालून उतरले की, पहिली दोन मिनिटे त्याची जमवाजमव करण्यातच जातात. तेव्हा मोठ्या स्पर्धेआधी जिथे मॅट असेल तिथे चार-सहा दिवस मुलांना नेण्याची खटपट कर. पण मॅट नाही म्हणून सराव थांबवू नकोस.

तू लिहिले आहेस की, तुझ्या शाळेचे मैदान मोठे आहे, पण मुरमाड आहे, दगड फार आहेत आणि खांबही नाहीत. खांब बाभळीच्या लाकडाचे करून घेता येतील. जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर उंच राहायला हवेत, तेव्हा पुरण्यासाठी हातभर जास्त लांबी ठेवायला सुताराला सांग, आणि कडा तासून गोल कर, कारण मुलांची बोटे तिथेच सोलपटतात. दगड आत्ता उन्हाळ्यात वेचू नकोस. पहिला चांगला पाऊस पडला की जमीन मऊ होते आणि दगड हातानेच निघतात. तो पाऊस झाला की मला कळव. त्यानंतरच्या रविवारी मी पहिल्या एस.टी.ने येतो. सुतळी, खुंट्या आणि ३० मीटरची जुनी मोजपट्टी माझ्याकडे आहे. कर्ण मोजायला ती दीड मीटर कमी पडते, तेव्हा एक छोटी पट्टी तू आण. फक्कीचे एक पोते सांगून ठेव आणि शाळेजवळ राहणारी चार मुले बोलावून घे, ज्यांना गणित जड जाते अशी.

तुझा,
सर